पडलेला चेंडू उचलू नये

बीडच्या अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे कलेक्टरच्या, कचेरीत अदब म्हणजे काय हे कुणाला शिकायचं असेल, तर लोक आप्पाराव पेशकारांकडे बोट दाखवीत. सलाम करताना कंबर किती वाकवावी, सहीसाठी कागद पुढे करताना कोणता हात खाली आणि कोणता वर, बाहेर पडताना साहेबाला पाठ न दाखवता मागच्या मागे उंबरा पायानं कसा चाचपावा, हे त्यांनी आजवर सात कारकुनांना आणि एका तहसीलदाराला शिकवलं होतं. तहसीलदार पुढे एकदा उंबऱ्याला अडखळून पडले, पण पडतानाही त्यांचं तोंड साहेबाकडेच होतं, हे आप्पाराव अभिमानानं सांगत. साहेबाच्या हातून टाक निसटला, तर तो दुसऱ्यांदा उसळायच्या आत आप्पारावांनी उचललेला, शेरवानीच्या घेरानं पुसलेला आणि दोन्ही तळहातांवर ठेवून परत केलेला असे. निजाम सरकारच्या नोकरीत माणूस कशावर टिकतो याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी असतील. आप्पारावांचं मत हे होतं.

अशा माणसाच्या आयुष्यात गोल्फ यावा, हे काही ब्रह्मदेवानं नीट विचार करून केलेलं दिसत नाही.

तेराशे तीस फसलीत, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीसच्या सुमारास, नवे अव्वल तालुकदार कय्युम अली साहेब बीडला आले. वय तिशीच्या आत, शिक्षण विलायतेतलं, आणि सामानात कातडी पिशवीत तेरा काठ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, आदिलाबादला इथला एक पेशकार पाठवायचा हुकूम वरून आला आहे, आणि आप्पाराव जायचे की दुसरे पेशकार बंकटराव, हे ते स्वतः माणूस पारखून ठरवणार आहेत. दुसरी गोष्ट, माणूस कचेरीत पारखता येत नाही, मैदानावर येतो; तेव्हा दोघांनीही दर जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, सकाळी मैदानावर हजर राहावं.

बंकटराव विधुर होते, पोटानं मोठे होते आणि विडा वेळेवर मिळाला की त्यांना आदिलाबाद काय नि बीड काय, सारखंच होतं. पण तुमची हरकत आहे का, असं नोकराला विचारण्याची सरकारात पद्धत नव्हती, आणि न विचारता सांगण्याची बंकटरावांना सवय नव्हती. त्यामुळे प्रश्न होता तो आप्पारावांचाच.

खरं म्हणजे प्रश्न विमलबाईंच्या उखळाचा होता. लग्नात माहेरहून आलेलं ते काळ्या दगडाचं उखळ अकरा वर्षांत पाच गावं फिरलं होतं, पण एकदाही जमिनीत पुरलं गेलं नव्हतं. पुरायचं म्हटलं की बदली येई. न पुरलेल्या उखळात कांडायला बसलं की ते प्रत्येक घावाला बोटभर सरकतं. विमलबाई चुलीपाशी कांडायला सुरुवात करीत आणि चटणी होईपर्यंत दारात पोचलेल्या असत. आता बीडला पेठेत दोन खोल्या स्वतःच्या बांधून झाल्या होत्या, ओसरीत खड्डाही खणून ठेवला होता, आणि आदिलाबाद आलं.

"पुन्हा ह्ये गोणपाटात घालायचं व्हय?" विमलबाई म्हणाल्या. "मी न्हाई घालायची. त्या साहेबाला खूश ठिवायला काय लागतं तेवढं सांगा."

"गोल्फ," आप्पाराव म्हणाले.

"मंग ते करा," विमलबाई म्हणाल्या. ते काय असतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि आप्पारावांना सांगताही आलं नसतं.

मैदान म्हणजे पालीच्या वाटेवर बिंदुसरेच्या अलीकडचं गायरान. तिथे नऊ ठिकाणी, पोरं गोट्यांसाठी करतात तशा पण जरा खोल गली खणायच्या आणि प्रत्येकीत झेंडा रोवायचा, असा हुकूम झाला. झेंड्यांना कापड नव्हतं. म्हातारा चपराशी नबी डोकेबाज माणूस. त्यानं दप्तरखान्यातल्या कागदांच्या नऊ बस्त्यांची लाल फडकी सोडून झेंड्यांना बांधली. दप्तरखाना सांभाळणाऱ्या मुहाफिजानं, नऊ गावांचं रेकॉर्ड उघडं पडलं, असा लेखी अर्ज केला. तो अर्ज आप्पारावांकडेच आला, आणि त्यांनी त्यावर 'कागद थंडीचे दिवस नसल्यामुळे तूर्त उघडे राहू शकतात' असा शेरा मारला.

पण कागदांपेक्षा माणसं जास्त बिथरली. दुसऱ्या दिवशी पालीचे वीस-पंचवीस शेतकरी आप्पारावांच्या ओसरीवर येऊन बसले. पुढारी होते शेजारचेच धोंडीराम. त्यांचं घर आप्पारावांच्या भिंतीला लागून आणि शेत गायरानाला लागून, त्यामुळे सल्ला देण्याचा हक्क त्यांना दोन्हीकडून पोचत होता.

"पेशकारसाहेब, नवी पैमाइश निघाली म्हनं," धोंडीराम म्हणाले. "सारा वाढनार का?"

"मोजणी-पैमाइश काही नाही. खेळ आहे."

"खेळाला सरकारी बस्त्याचं कापड कावून? आन् साहेब काठी घिऊन पावलं मोजतोय, त्ये आमी डोळ्यानं बगितलं."

"चेंडू गलीपासून किती लांब आहे, ते मोजतात."

"चेंडू कुनाच्या नावावर हाय?" मागून एकानं विचारलं.

अखेर आप्पारावांनी 'सदर कृत्य मोजणी नसून खेळ आहे, यातून कोणताही सारा उत्पन्न होणार नाही' असं कचेरीच्या मोहोरेनिशी लिहून दिलं. कागद वाचून शेतकरी जास्तच काळजीत पडले, कारण सरकारनं कारण नसताना काही लिहून दिल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं.

पहिल्या जुम्म्याला आप्पाराव डोक्याला दस्तार, कमरेला बगलूस, अंगात काळी शेरवानी अशा दरबारी थाटात मैदानावर हजर झाले. बरोबर कचेरीतले आठ कारकून होते, कारण साहेब काहीतरी करणार आणि बघायला माणसं नाहीत, हे त्यांना बरं वाटेना. साहेबांनी काठी खांद्यामागे नेली. ती खाली येण्याआधीच आठही कारकून एका सुरात "सुभानअल्ला!" म्हणाले. काठी चेंडूच्या वीतभर मागे जमिनीत घुसली.

साहेबांनी सौम्यपणे समजावलं. दुसरा मारत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, सावलीसुद्धा त्याच्या चेंडूवर पडू द्यायची नाही. आप्पाराव चक्रावले. मोठा माणूस काही करतो आहे आणि भोवतीची माणसं गप्प उभी आहेत, असं त्यांनी फक्त मयताला पाहिलं होतं.

साहेबांनी दुसऱ्यांदा मारलं. चेंडू दोनशे पावलांवर जाऊन पडला. पुढे काय झालं ते आप्पारावांना स्वतःलाही नीट आठवत नाही. साहेबांची वस्तू जमिनीवर पडलेली त्यांनी पाहिली, एवढं खरं. ते दस्तार सांभाळत धावत सुटले, चेंडू उचलला, शेरवानीच्या घेरानं पुसला आणि धापा टाकत परत येऊन दोन्ही तळहातांवर ठेवून साहेबांपुढे धरला.

साहेबांनी काठी जमिनीवर टेकली. मग म्हणाले, "आप्पाराव, इस खेल का सबसे बडा उसूल सुनो. चेंडू जिथं पडला तिथंच राहू द्यायचा. धोंड्यात, काट्यात, शेणात, कुठंही. हाथ नहीं लगाना."

बंकटरावांनी मात्र सकाळभर कशालाही हात लावला नाही. पोटामुळे त्यांना वाकता येत नव्हतं आणि तोंडात विडा असल्यामुळे बोलता येत नव्हतं. साहेबांनी त्यांच्याकडे दोनदा कौतुकानं पाहिलं, आणि आप्पारावांच्या डोळ्यांपुढे गोणपाट आलं.

त्या दिवसापासून आप्पारावांनी गोल्फची अदब अशी धरली, की दरबारी अदबही त्यांनी एवढ्या निष्ठेनं धरली नसेल. आठ कारकुनांना कचेरीच्या मागच्या अंगणात उभं करून, नबीला हातात केरसुणी देऊन, नबी मारायला लागला की श्वास रोखून उभं राहण्याची तालीम दिली. काठीनं उखडलेलं मातीचं ढेकूळ लगेच परत बसवून पायानं दाबायचं असतं, हे कळल्यावर ते साहेबांचीच काय, बैलांच्या खुरांनी उखडलेली ढेकळंही बसवायला लागले. शेरवानीच्या खिशात ते मऊ माती घेऊन हिंडत. विमलबाईंनी धुण्याच्या दिवशी तिच्यात दोन लसणीचे कोंब उगवलेले पाहिले, पण उखळासाठी त्या गप्प राहिल्या.

अडचणी आल्या नाहीत असं नाही. चेंडू माणसाच्या अंगावर जात असेल तर मोठ्यानं ओरडून त्याला सावध करायचं असतं. तिसऱ्या जुम्म्याला साहेबांनी आप्पारावांच्याही हातात काठी दिली, आणि त्यांचा चेंडू बांधावर बसलेल्या धोंडीरामांकडे निघाला. पण वयानं मोठ्या माणसावर, रामराम न घालता, एकदम ओरडायचं कसं? "रामराम धोंडीरामबापू," आप्पारावांनी सुरुवात केली, "आपली हरकत नसेल तर जरा..." तोवर चेंडू धोंडीरामांच्या मुंडाशावर बसला होता.

"आवं, रामराम घालून कावून मारता?" धोंडीराम कळवळून म्हणाले.

त्याहून वाईट वेळ पाचव्या जुम्म्याला आली. चौथ्या गलीत चेंडू साहेबांच्या आधी आप्पारावांनी घातला. मुद्दाम नव्हे, ढोरानं लाथाडलेला दगड मध्ये आला, चेंडू त्यावर आपटला आणि आत गेला. ज्यानं मागची गल जिंकली त्यानं पुढच्या गलीला आधी मारायचं, असा नियम. म्हणजे साहेबांच्या आधी! "हुजूर आधी," आप्पाराव म्हणाले. "नहीं, आप," साहेब म्हणाले. आप्पाराव "हुजूर" म्हणून वाकले, साहेब "कायदा है" म्हणून मागे सरले, आणि असं करता करता दोघंही मारायच्या जागेपासून बरेच लांब गेले. शेवटी आप्पारावांनी डोळे मिटले, मनात साहेबांची माफी मागितली आणि मारलं. चेंडू तीन पावलं गेला. त्यांना जरा बरं वाटलं.

सातव्या जुम्म्याला साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आप्पाराव, विलायतेत चाळीस वर्षं खेळणाऱ्या लॉर्डांनासुद्धा एवढी तमीज नाही. आदिलाबादला बंकटराव जातील."

आप्पाराव घरी आले ते दस्तार काखेत मारून. विमलबाईंनी त्यांचं तोंड पाहिलं आणि धोंडीरामांना हाक मारली. त्याच दुपारी ओसरीतल्या खड्ड्यात उखळ बसलं. धोंडीरामांनी चारी अंगांनी खडी ठोकली, समोरच्या रहेमतबींनी शेणमाती कालवली, आणि उखळाचं तोंड सारवलेल्या जमिनीशी असं एकसारखं झालं की वरून हात फिरवला तर कड लागू नये. विमलबाईंनी पहिली हळद कांडली. उखळ हललं नाही. विमलबाई तशाच मुसळ धरून रडायला लागल्या आणि रहेमतबी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दहा दिवसांनी साहेबांनी आप्पारावांना आत बोलावलं. ते आनंदात होते. त्यांना बढती मिळाली होती. "और खुशखबर," साहेब म्हणाले, "जागा आदिलाबादची आहे. वहाँ भी मैदान बनाएंगे. बंकटरावांचं नाव मी खोडतो. तुम्हाला सोडून मी खेळणार कुणाबरोबर?"

आप्पाराव पाठ न दाखवता मागे मागे सरकत बाहेर आले आणि व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. नबीनं पाणी आणून दिलं. इतक्या मेहनतीनं आपण स्वतःचीच बदली करून घेतली, हे त्यांना पाणी पिताना हळूहळू कळत गेलं.

संध्याकाळी ओसरीवर सल्लामसलत बसली. धोंडीरामांचं म्हणणं, मुंडाशावर चेंडू बसल्याची फिर्याद ते देतील, मग चौकशी होईल, चौकशी संपेपर्यंत बदली होत नसते. रहेमतबी म्हणाल्या, "इतना क्या सोचनेका भाई? जिसके वास्ते ले जा रै, वोच बिगाड देओ."

"म्हंजे?" विमलबाईंनी विचारलं.

"बेअदबी करो."

सगळे आप्पारावांकडे बघायला लागले. आप्पारावांचा चेहरा, कुणी चोरी करायला सांगितल्यासारखा झाला होता.

"येकदाच करा," विमलबाई म्हणाल्या. त्यांचा हात उखळाच्या कडेवर होता. "अकरा वर्सं तुमच्या मागं गोनपाट घिऊन हिंडले. मी कदी काई मागितलं का? येवडी येक बेअदबी करा माज्यासाटी."

आप्पारावांनी उखळाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

बंकटरावांचं नाव खोडलं जायचं होतं शनिवारी; त्याआधीचा जुम्मा शेवटचा. आप्पाराव मनाशी घट्ट ठरवून निघाले. पहिल्या गलीला साहेबांनी काठी खांद्यामागे नेली, ती खाली येऊ लागली, आणि आप्पाराव जीव एकवटून खोकले. साहेब दचकले. दचकल्यामुळे त्यांचा डावा खांदा, जो विलायतेतले उस्ताद तीन वर्षं ओरडूनही खाली येत नव्हता, तो खाली आला, आणि चेंडू सणसणत सरळ झेंड्यापाशी जाऊन पडला. "आप्पाराव!" साहेब आनंदानं ओरडले. "तुम्ही माझा खांदा पाहिलात! शुक्रिया!"

तिसऱ्या गलीला ते साहेबांच्या चेंडूच्या वाटेवरून मुद्दाम, पाय आपटत चालत गेले. हे तर फारच मोठं पाप. पण त्यांच्या टाचेखाली एक कुसळाचा झुपका दबला आणि चेंडू नेमका त्या दबलेल्या वाटेनं गलीत गेला. साहेबांनी हात जोडले. पाचव्या गलीपाशी त्यांनी उखडलेलं ढेकूळ तसंच टाकलं आणि दहा पावलं पुढे गेले. अकराव्या पावलाला ते परत फिरले आणि कुणाचं लक्ष नाहीसं बघून ढेकूळ बसवून आले. साहेबांचं लक्ष होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अशी माणसं कुठं मिळतात," ते बंकटरावांना म्हणाले. बंकटरावांनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

आठवी गल संपेपर्यंत आप्पारावांचा धीर सुटला. आपल्याला बेअदबीसुद्धा धड येत नाही, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नववी, शेवटची गल ओढ्यापलीकडे होती. साहेबांनी त्यांना झेंडा धरायला पुढे पाठवलं. आप्पाराव लाल फडक्याचा झेंडा काढून गलीशेजारी उभे राहिले. बेत, खोकला, पाय आपटणं, सगळं त्यांनी मनातून काढून टाकलं. आदिलाबादला उखळ बैलगाडीनं न्यायचं की रेल्वेनं, एवढाच विचार डोक्यात होता.

पलीकडून साहेबांनी मारलं. चेंडू ओढ्यावरून आला, मुरमावर पडला, एकदा उसळला, दोनदा उसळला आणि गलीच्या दिशेनं सरळ घरंगळत निघाला. पहिल्याच फटक्यात चेंडू गलीत जाणं हे गोल्फवाल्यांचं आयुष्यभराचं स्वप्न असतं. साहेबांनी ते दहा वर्षं पाहिलं होतं. बांधावर धोंडीराम उठून उभे राहिले. आठ कारकुनांनी तालमीप्रमाणे श्वास रोखला. चेंडू दहा हातांवर आला, पाच हातांवर आला. मंदावला, पण थांबला नाही. गल तीन बोटं राहिली.

आप्पारावांना मात्र वेगळंच दिसलं. साहेबांची वस्तू जमिनीवर पडली होती, धुळीनं माखली होती, आणि आता खड्ड्यात पडणार होती. अकरा वर्षांची नोकरी त्यांच्या हातात उतरली. ते वाकले, चेंडू अलगद उचलला, शेरवानीच्या घेरानं नीट पुसला, फुंकर मारून राहिलेली माती काढली आणि दोन्ही तळहातांवर ठेवून, ओढा ओलांडून, साहेबांपुढे नेऊन धरला.

बंकटरावांच्या तोंडातला विडा खाली पडला.

साहेब मटकन जमिनीवर बसले. "आप्पाराव," ते फार हळू आवाजात म्हणाले, "ये क्या किया?"

"हुजूरचा चेंडू," आप्पाराव म्हणाले, "खाली पडला होता."

साहेबांनी चेंडू घेतला नाही. ते उठले, एकटेच टांग्यात बसले आणि निघून गेले. शनिवारी बंकटरावांचं नाव कायम झालं. आप्पारावांच्या नोकरीच्या पुस्तकात साहेबांनी जाता जाता शेरा लिहिला: 'कचेरीच्या कामात चोख. मैदानावर सोबत नेण्यास नालायक. तमीज नाही.'

विमलबाईंनी तो शेरा तीनदा वाचून घेतला आणि रहेमतबींकडे साखर पाठवली. धोंडीराम ओसरीवर मांडी ठोकून म्हणाले, "लई बेस केलंत पेशकारसाहेब! अशी बेअदबी करायला जिगर लागतं."

पण आप्पारावांचं तोंड उतरलं होतं. उखळ राहिलं याचा आनंद त्यांना होताच, पण तमीज नाही? त्यांना? मुद्दाम केलेल्या तीन बेअदब्यांबद्दल तीनदा शाबासकी मिळाली, आणि आयुष्यात मनापासून केलेल्या सर्वांत मोठ्या अदबीबद्दल हा शेरा! चेंडू अजून त्यांच्या खिशातच होता, मातीत आणि लसणीच्या कोंबांत.

दुसऱ्या दिवशी विमलबाई ओसरीत शेंगदाणे कांडत होत्या. आप्पारावांनी खिशातून चेंडू काढला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी हलकेच टोला दिला. चेंडू सारवलेल्या जमिनीवरून सरळ निघाला, कुठे वळला नाही, कुठे अडला नाही, आणि उखळाच्या तोंडाकडे घरंगळत गेला. इतकी सुरेख चाल त्यांच्या काठीतून कधी निघाली नव्हती. उखळ हातभर राहिलं. वीतभर राहिलं. तीन बोटं राहिली.

विमलबाईंनी मुसळ बाजूला ठेवलं, चेंडू उचलला, पदरानं पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुमचा पडलाता."

आप्पाराव मटकन खाली बसले.